सुधारित रिटर्नचा रिफंड अडकला आहे. दाद कोणाकडे मागावी?

पूर्णाकाठ

नमस्कार. माझी आई मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेतून मार्च २०२४मध्ये सेवानिवृत्त झाली. शेवटच्या तिमाहीच्या पगारातून आणि वेतन आयोगाच्या फरकातून कार्यालयाने टीडीएस कापला, परंतु तिमाही विवरणपत्रात तिच्या पॅनमधील एक अक्षर चुकीचे टाकले. त्यामुळे ती रक्कम २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या वार्षिक पत्रकात, दिसेना. जुलै अखेरची तारीख जवळ आलेली होती, म्हणून कर सल्लागाराच्या सांगण्यावरून तिने पूर्ण उत्पन्न दाखवले, २६एएसमध्ये दिसत होता तेवढाच टीडीएस धरला आणि उरलेले सुमारे अडतीस हजार रुपये स्वतःच्या खात्यातून भरून रिटर्न दाखल केले. थोडक्यात, एकच कर दोनदा गेला.

कार्यालयाने दुरुस्ती विवरणपत्र भरले ते डिसेंबरमध्ये. त्या वर्षी सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढली होती, म्हणून निभावले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सुधारित रिटर्न भरले आणि आधार ओटीपीने त्याची पडताळणीही त्याच दिवशी केली. आता ऑगस्ट संपत आला, तरी पोर्टलवर ‘पडताळणी झाली’ याच्या पुढे काटा सरकलेला नाही. गावातील एक गृहस्थ म्हणतात की वीस टक्के द्या, महिन्याभरात रिफंड काढून देतो. आईची त्याला तयारी आहे, माझी नाही. अशा प्रकरणात रीतसर मदत कोठे मिळते, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल काय?

करसल्ला_लातूर

ताई, वीस टक्के मागणाऱ्याला प्रथम नमस्कार करून वाटेला लावा. रिटर्नची प्रक्रिया बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्रात संगणकावर होते आणि तेथे या गृहस्थांचा हात पोहोचत नाही. रिफंड आपल्या वेळेने आला की ‘मी काढून दिला’ असे म्हणायचे, एवढेच त्यांचे भांडवल असते.

आता मूळ मुद्दा. कलम १४३(१)खालील सूचनापत्र, म्हणजे रिटर्न तपासून केलेल्या हिशेबाचे पत्र, पाठवण्यासाठी विभागाला, ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरले ते वर्ष संपल्यापासून नऊ महिने मिळतात. तुमचे सुधारित रिटर्न जानेवारी २०२५मध्ये, म्हणजे २०२४-२५ या आर्थिक वर्षात भरले गेले, त्यामुळे ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ला संपते. विलंब झाला आहे हे खरे, पण कायद्याच्या हिशेबाने मुदत अजून उलटलेली नाही, आणि तक्रार लिहिताना हे भान ठेवलेले बरे, कारण ‘मुदत संपली’ असे लिहिले की उत्तर देणाऱ्याला एका ओळीत हात झटकता येतात.

तीन गोष्टी तपासून येथे लिहा. मूळ रिटर्नची प्रक्रिया झाली होती का? २६एएसमधील दुरुस्त नोंदीपुढे ‘एफ’ हे अक्षर आहे का? (‘यू’ असेल तर नोंद अजून जुळलेली नाही.) आणि पोर्टलवर ‘प्रलंबित कृती’खाली एखादी नोटीस उत्तराची वाट पाहत पडली आहे का?

उदगीरकर

पीकविम्याची वाट पाहून तयार झालेल्या माणसाला आठ महिने म्हणजे फार नव्हेत, असे आईंना सांगून पाहा.

नांदेडचा_नाना

उदगीरकरांचा विनोद मान्य, पण माझ्या प्रकरणात रिफंड मंजूर होऊनही खात्यात आला नव्हता, म्हणून लिहितो. आपल्या भागात पेन्शनरांची कितीतरी खाती मूळची स्टेट बँक ऑफ हैदराबादची आहेत. ती बँक १ एप्रिल २०१७ला स्टेट बँकेत विलीन झाली आणि शाखांचे आयएफएससी कोड बदलले. पुढे ग्रामीण बँकांचीही विलीनीकरणे झाली. अगदी अलीकडचे १ मे २०२५चे. रिटर्नमध्ये वर्षानुवर्षे जुनाच कोड नकलून टाकला जातो. त्यात माझे पॅनवरील नाव आडनावासह आणि पासबुकावरील नाव वडिलांच्या नावासह होते. पोर्टलवर खात्याची पूर्वपडताळणी नव्याने केली, बँकेत अर्ज देऊन नाव पॅनप्रमाणे करून घेतले आणि ‘रिफंड पुन्हा पाठवा’ अशी विनंती नोंदवली, तेव्हा पैसे आले. तुमची पायरी अजून त्याच्या अलीकडची आहे, तरी हे काम आताच उरकून ठेवा. आईंचे पॅन आधारशी जोडलेले आहे का, तेही पाहा. जोडलेले नसेल तर पॅन निष्क्रिय धरले जाते, रिफंड थांबतो आणि तेवढ्या काळाचे व्याजही मिळत नाही.

बालाघाट

मी स्वतः शिक्षक आहे, बीड जिल्ह्यात. फरकाची रक्कम मिळालेल्या आमच्या अनेक सहकाऱ्यांचे रिफंड अडकले आणि प्रत्येक वेळी कारण एकच निघाले. कलम ८९ची (मागील वर्षांचा फरक एकदम मिळाल्यास करात मिळणारी) सवलत रिटर्नमध्ये घेतली, पण फॉर्म १०ई भरलाच नव्हता. सातव्या वेतन आयोगाचा फरक आपल्याकडे पाच हप्त्यांत मिळाल्यामुळे हा प्रश्न एका वर्षापुरता राहिला नाही. १०ई हा फॉर्म पोर्टलवर वेगळा भरावा लागतो आणि तोही रिटर्नच्या आधी.

माझे मत असे, की आता वाट पाहण्यापेक्षा अद्ययावत रिटर्न भरून टाकावे. त्याची मुदत आता चार वर्षांची झाली आहे.

करसल्ला_लातूर

बालाघाट सर, १०ईबाबत तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. दुसऱ्या सल्ल्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. अद्ययावत रिटर्नची मुदत २०२५च्या वित्त कायद्याने २४ महिन्यांवरून ४८ महिने झाली हे खरे, परंतु ते रिटर्न सरकारला जास्तीचा कर देण्यासाठी आहे. त्यातून रिफंड मागता येत नाही आणि असलेला रिफंड वाढवताही येत नाही. शिवाय उशिरानुसार २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागतो. कोणी घाईने ‘सरसकट अद्ययावत भरा’ असे सांगत असेल तर ऐकू नका. कलम १५४खालील दुरुस्ती अर्जही सूचनापत्र आल्यानंतरच करता येतो, कारण त्याआधी दुरुस्त करण्यासारखा आदेशच अस्तित्वात नसतो.

बालाघाट

मान्य. आमच्या केंद्रावर सगळे हेच बोलत असल्यामुळे मी तसे लिहिले. उद्या परिपाठानंतर चार जणांना सांगतो.

खडकपूर्णा

हे ऑनलाइन तक्रारींचे प्रकरण मला फारसे पटत नाही. माणसाने सरळ आपल्या आयकर कार्यालयात जावे, सेवा केंद्राच्या खिडकीवर अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. समोर माणूस असला की काम होते. माझ्या मेहुण्यांचे तसेच झाले.

करसल्ला_लातूर

पोच घ्यावी, याला माझी ना नाही. पण रिटर्न बंगळुरूकडे प्रलंबित असेपर्यंत येथील अधिकारी बहुधा ‘माझ्याकडे आलेले नाही’ एवढेच सांगू शकतो. प्रकरण क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे वर्ग झाले असेल किंवा जुनी मागणी त्याच्या नोंदीत असेल, तर मात्र कार्यालयात जाण्यावाचून गत्यंतर नाही. मेहुण्यांचे प्रकरण कोणत्या प्रकारचे होते?

खडकपूर्णा

जुन्या मागणीचे होते. म्हणजे दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, असे समजू.

तेरणाकाठ

जुन्या मागणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. कलम २४५नुसार चालू रिफंड जुन्या थकबाकीत वळता करून घेता येतो, मात्र त्याआधी कळवावे लागते आणि आपल्याला उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. आमच्या धाराशिवकडील कितीतरी पेन्शनरांच्या नावावर कागदी रिटर्नच्या काळातील, कोणाला आठवतही नसलेल्या मागण्या पडून होत्या. फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००९-१०पर्यंतच्या वर्षांसाठी प्रत्येकी २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांसाठी प्रत्येकी १० हजारांपर्यंतच्या मागण्या, एका करदात्यामागे एकूण एक लाखाच्या मर्यादेत, माफ केल्या. माझ्या वडिलांच्या नावावरची मागणी त्यातच गेली. ताई, ‘थकीत मागणी’ हे पान उघडून पाहाच.

सिएटलवासी_सेलूकर

मी मूळचा सेलूचा, सध्या अमेरिकेत असतो. येथे सुधारित रिटर्नला १०४०-एक्स म्हणतात. येथील कर खाते स्वतःच सांगते की आठ ते बारा आठवडे धरा, प्रसंगी सोळाही लागतील, आणि त्या रिटर्नचा माग काढण्यासाठी संकेतस्थळावर वेगळी सोय आहे. मला विशेष वाटते ते येथील ‘टॅक्सपेअर ॲडव्होकेट सर्व्हिस’चे. ही सेवा त्या खात्याच्याच अंतर्गत असूनही स्वतंत्रपणे काम करते, प्रत्येक राज्यात तिचे किमान एक कार्यालय असते आणि अडकलेल्या रिटर्नमुळे करदात्याची आर्थिक ओढाताण होत असेल, तर फॉर्म ९११ भरून तिची मदत विनामूल्य मागता येते. भारतात असे काही आहे का?

देवगिरी

होते. आयकर लोकपाल ही व्यवस्था आपल्याकडे होती. लोकांनी तिच्याकडे जाणे जवळपास सोडले आणि ऑनलाइन तक्रारीचे मार्ग उपलब्ध झाले, असे कारण देऊन केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१९मध्ये ती बंद करण्यास मंजुरी दिली. २०२०पासून करदात्यांची सनद आहे आणि तिला कलम ११९एचा आधारही आहे, पण सनदेला फोन लावता येत नाही. लोकपालाकडे कोणी जात नव्हते याचे एक कारण हेही असावे, की तो असतो हेच आपल्याकडे कोणाला ठाऊक नव्हते. मी स्वतः नोकरीत असूनही ते पद बंद झाल्याच्या बातमीतूनच मला पहिल्यांदा कळले.

नांदेडचा_नाना

म्हणजे श्राद्धाच्या दिवशी ओळख झाली.

पूर्णाकाठ

सर्वांचे आभार. करसल्ला सरांनी सांगितलेले तपासले. मूळ रिटर्नची प्रक्रिया ऑगस्ट २०२४मध्येच झाली असून त्यात देणे-घेणे शून्य दाखवले आहे. २६एएसमध्ये दुरुस्त नोंदींपुढे ‘एफ’ आहे. थकीत मागणी नाही. १०ई सल्लागाराने मूळ रिटर्नच्या आधीच भरला होता, त्याची पावतीही सापडली.

मात्र एक भलतीच गोष्ट समोर आली. आईच्या पोर्टलवरील खात्यात मोबाइल क्रमांक आणि ईमेल तिचा नव्हताच. काही वर्षांपूर्वी ज्या ऑनलाइन सेवा केंद्रातून नोंदणी केली होती, त्या चालकाने स्वतःचा ईमेल टाकून ठेवला होता आणि पुढे कोणी तो पाहिलाच नाही. त्यांच्याकडे गेले, तर त्या ईमेलचा पासवर्ड त्यांनाही आठवत नाही. वहीत पाहतो म्हणाले. वहीत गावातील निम्म्या लोकांचे पासवर्ड पेन्सिलीने लिहिलेले आहेत, ते मात्र मी पाहून आले. आधार ओटीपीने आईचाच मोबाइल आणि माझा ईमेल नोंदवला. ई-कार्यवाहीच्या पानावर सुदैवाने कोणतीही नोटीस नाही.

तेरणाकाठ

ही गोष्ट किरकोळ समजू नका. १४ जुलै २०२५ला खोट्या वजावटींच्या विरोधात देशभर सुमारे दीडशे ठिकाणी कारवाई झाली, तेव्हा मंडळाच्या निवेदनात हेच म्हटले होते. काही रिटर्न भरणारे लोक ठोक रिटर्नसाठी तात्पुरते ईमेल काढतात, नंतर ते सोडून देतात आणि विभागाच्या नोटिसा कोणाच्याही वाचनात येत नाहीत. तुमच्या केंद्रचालकाचा हेतू वाईट नसेल, तरी परिणाम तोच होतो. टक्केवारीवर रिफंड काढून देणारे आणि खोट्या वजावटी दाखवणारे पुष्कळदा एकच असतात, हेही आईंच्या कानावर घाला.

करसल्ला_लातूर

फार चांगले काम झाले. आता तक्रार नोंदवा. पहिली तक्रार ई-फायलिंग पोर्टलच्या तक्रार विभागात प्रक्रिया केंद्राच्या नावे करा. भाषा साधी ठेवा. ‘वयोवृद्ध आईवर अन्याय’ वगैरे लिहिण्याने रिटर्न हलत नाही. क्रमांक आणि तारखा असाव्यात. म्हणजे असे:

“करनिर्धारण वर्ष २०२४-२५. मूळ रिटर्नची प्रक्रिया कलम १४३(१)खाली झालेली आहे. कलम १३९(५)खालील सुधारित रिटर्न वाढीव मुदतीत, म्हणजे १५ जानेवारी २०२५पूर्वी दाखल व पडताळणी झालेले आहे. बदल केवळ टीडीएसच्या रकमेत असून तो २६एएसशी जुळतो. बँक खाते पूर्वपडताळणी झालेले आहे. सुधारित रिटर्न प्रलंबित असण्याचे नेमके कारण कळवावे.”

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. ‘लवकर करा’ म्हटले की ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर येते आणि तक्रार बंद होते. कारण विचारले, आणि तरीही तेच उत्तर आले, तर ते उत्तर जोडून सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार करता येते. ऑगस्ट २०२४च्या निर्देशांनुसार तेथे निपटाऱ्याची मुदत २१ दिवसांची आहे आणि समाधान न झाल्यास ३० दिवसांत अपील करता येते.

व्याजाचेही सांगून ठेवतो. कलम २४४एनुसार दर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळते, मात्र रिफंड ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मिळत नाही. मूळ रिटर्न वेळेत भरलेले असेल तर टीडीएसच्या रिफंडावर ते १ एप्रिलपासून मोजतात. स्वतः भरलेल्या कराचा रिफंड असेल तर कर भरल्याची किंवा रिटर्नची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तेथून. आणि हे व्याज पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवावे लागते, हे बहुतेक जण विसरतात.

समृद्धीलगत_जालना

थोडा वेगळा, पण याच वाटेवरचा प्रश्न. भावकीतील एकाला भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यावर व्याज मिळाले, त्यावर टीडीएस कापला गेला आणि त्यांनी त्या वर्षी रिटर्नच भरले नाही. आता सुधारित भरण्याचा प्रश्नच नाही. तो पैसा गेला असे समजायचे का?

करसल्ला_लातूर

लगेच तसे समजू नका. कलम ११९(२)(ब)खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रक क्रमांक ११नुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा आणि एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात. विलंबाचे कारण खरे आणि कागदांनी सिद्ध होणारे हवे. वाढीव मोबदल्यावरील व्याज ज्या वर्षी हातात पडले त्या वर्षीचे उत्पन्न धरतात आणि त्यातून निम्म्या रकमेची वजावट मिळते, हेही हिशेबात घ्या. वर्ष कोणते आहे ते कळवा. पण स्वतंत्र धागा काढलात तर बरे, येथे ताईंचे प्रकरण अर्धवट आहे.

पूर्णाकाठ

पहिल्या तक्रारीला अपेक्षेप्रमाणे ‘प्रक्रिया सुरू आहे, कृपया प्रतीक्षा करावी’ असे उत्तर आले आणि तक्रार बंद झाली. ते उत्तर जोडून सीपीग्राम्सवर तक्रार केली. काल, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, कलम १४३(१)चे सूचनापत्र ईमेलवर आले. तक्रारीमुळे आले की आपल्या क्रमाने आले, हे सांगता येणार नाही. सूचनापत्रात डाव्या रकान्यात आम्ही भरलेले आकडे आणि उजव्या रकान्यात त्यांनी मोजलेले आकडे असतात. उत्पन्न दोन्हीकडे सारखेच आहे, पण टीडीएसच्या ओळीत उजवीकडचा आकडा सुमारे नऊ हजारांनी कमी आहे. फरकाच्या बिलावरील कपातीची नोंद धरलेली दिसत नाही, जरी ती २६एएसमध्ये आज स्पष्ट दिसते. उरलेला रिफंड व्याजासह मंजूर झाला आहे. आई म्हणते की मिळाले तेवढे पुष्कळ, आता सोडून दे.

खडकपूर्णा

सोडू नका. आता कार्यालयात जा.

करसल्ला_लातूर

सोडूही नका आणि तूर्त कार्यालयातही जाऊ नका. आता सूचनापत्र हाती असल्यामुळे कलम १५४चा मार्ग मोकळा झाला आहे. पोर्टलवर दुरुस्ती विनंतीत ‘रिटर्नची पुन्हा प्रक्रिया करा’, ‘कर जमा-नोंदीतील तफावत’ आणि ‘रिटर्नमधील माहितीत दुरुस्ती’ असे पर्याय दिसतील. प्रथम रिटर्नमधील टीडीएसच्या तक्त्यात त्या नोंदीसमोर कार्यालयाचा टॅन (कर कापणाऱ्याचा ओळख क्रमांक) २६एएसप्रमाणेच लिहिला आहे का, ते पाहा. तालुक्याचे कार्यालय आणि जिल्ह्याचे कार्यालय यांचे टॅन वेगळे असू शकतात, आणि फरकाचे बिल कधी कधी दुसऱ्याच टॅनखाली निघते. टॅन बरोबर असेल तर पहिला पर्याय पुरेसा आहे. चुकलेला असेल तर तफावतीचा पर्याय घेऊन ती ओळ दुरुस्त करा. आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ही दुरुस्ती होऊ शकते आणि तुमच्या अर्जावर, तो मिळाला तो महिना संपल्यापासून सहा महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो.

पूर्णाकाठ

आत्ताच पाहिले. तुमचा अंदाज बरोबर निघाला; फरकाच्या नोंदीपुढे २६एएसमध्ये जिल्ह्याचा टॅन आहे आणि रिटर्नमध्ये तालुक्याचा. आजच दुसऱ्या पर्यायाने विनंती भरते.

बालाघाट

ताई, भरून झाल्यावर पावतीवर टॅनची ओळ कशी दिसते ते येथे लिहाल का? आमच्याकडील फरकाची बिलेही जिल्ह्यावरूनच निघाली होती आणि तीन जणांची सूचनापत्रे माझ्या टेबलावर पडून आहेत.